हरल्यावर गेम कसा वागतो ते बघ, मग पैसे दे

प्रश्न असा आलाय की कॉलेज संपल्यावर गेम सुटले, आता पस्तिशी आली, बरा लॅपटॉप घेतलाय, पण रिव्ह्यू बघायला गेलं तर प्रत्येक गेमला दहापैकी नऊ, सगळंच मास्टरपीस. तू इतकी वर्षं गेमच्या टेस्टिंगमधे काढलीस, आता डिझाइन करतोस, तर कुठला प्रकार खेळण्यासारखा आहे आणि कुठला नुसती हवा, हे न लाजता सांग. हाच प्रश्न दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी माझी मोजपट्टी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं नुसतं आवडनिवड वाटेल. ग्राफिक्स, स्टोरी, किती तासांचा गेम, हे मी शेवटी बघतो. पहिलं बघतो ते म्हणजे मी हरलो, मेलो, आऊट झालो की पुढच्या अर्ध्या मिनिटात गेम माझ्याशी कसा वागतो. मी का मेलो ते मला कळलं का, परत खेळात यायला किती वेळ लागला, आणि त्या मधल्या वेळात गेमने माझ्या खिशात हात घातला का. टेस्टरला पगारच मुळात मरायचा मिळतो रे, एकाच दरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उड्या मारायच्या, कधी भिंतीला चिकटून, कधी पॉज करून, कधी कंट्रोलरची वायर काढून, आणि बघायचं काय फुटतं. एका बिल्डमधे, म्हणजे गेमच्या अर्धवट तयार आवृत्तीत (नाव सांगत नाही, अजून विकला जातो तो गेम), चेकपॉइंटचा ट्रिगर, म्हणजे जिथे पोचलं की आपोआप सेव्ह होतं ती जागा, दरीच्या कडेला एवढा पुढे ठेवलेला की उडी चुकली तरी पडता पडता सेव्ह व्हायचं, मग परत जिवंत होणार ते हवेतच, आणि लगेच मरणार, की परत हवेत. बाहेर पडायचा रस्ताच नाही, आठ तासांचा सेव्ह गेला कामातून. असले बग, म्हणजे गेममधल्या चुका, वर्षानुवर्षं शोधून नोंदवले की हरण्याचा भाग कोणी मन लावून केलाय आणि कोणी उरकलाय ते लगेच दिसायला लागतं.

आता तुझ्या आठवणीतल्या गेमपासूनच सुरू करू, कारण तू परत आलास की आधी तेच डाउनलोड करणार, माहितीये मला. प्रोजेक्ट आयजीआय, २००० सालचा. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आपण सगळ्यांनी खेळलाय. आज खेळून बघ, अर्ध्या तासात बंद करशील. मिशनच्या मधे सेव्हच करता येत नाही, वीस मिनिटं गवतातून सरपटत गेलास, एक अलार्म वाजला, बराकीतून माणसं येतच राहतात आणि एका गोळीत परत पहिल्यापासून. तेव्हा ते थ्रिल वाटायचं कारण दुसरा गेम नव्हता आणि घड्याळ चालू होतं. नकाशा मोठा, बंदुकीचा आवाज मस्त, सॅटेलाइटवरून सगळा तळ बघायची आयडिया त्या काळी भारीच, पण बाकी गेम तुझ्या वेळेची काडीची किंमत करत नाही. व्हाइस सिटी त्या मानाने किती समजूतदार बघ. मेलास की हॉस्पिटलबाहेर, बंदुका गेल्या, पैसे कापले, पण मिशन फेल झालेलं असेल तर बाहेर टॅक्सी उभी, बसलास की थेट मिशनच्या सुरुवातीला. २००२ मधे एवढा विचार केला होता लोकांनी. तरी त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरने बिल्डिंगमधे बॉम्ब ठेवायच्या मिशनला मी आजही माफ करणार नाही, कीबोर्डवर तर ती सरळसरळ शिक्षा आहे.

त्या पिढीतला आज न लाजता खेळावा असा एकच सांगेन, प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाइम, २००३. त्यात खंजिराने वेळ मागे फिरवता येतो हे सगळ्यांना आठवतं. पण खरी गंमत अशी की ती पूर्ण गोष्ट प्रिन्स स्वतः नंतर कोणालातरी सांगतोय, त्यामुळे तू दरीत पडून मेलास की तो सांगता सांगता थांबतो आणि म्हणतो नाही नाही, असं नव्हतं झालं, आणि परत मागून सुरू करतो. म्हणजे तुझं मरण हे त्याच्या सांगण्यातली चूक! गेम ओव्हरच्या स्क्रीनलासुद्धा गोष्टीत जागा दिली, असं डिझाइन आजही फार कमी दिसतं. मारामारी मात्र कंटाळवाणी आहे, तेच तेच वाळूचे राक्षस, डोक्यावरून कोलांटी मार आणि खंजीर खुपस, शेवटी शेवटी तर कधी संपतंय असं होतं.

प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारायचे गेम. याला लोक लहान मुलांचे समजतात आणि तिथेच फसतात. सेलेस्ट घे, २०१८ चा, तुझ्या लॅपटॉपला त्याचं ओझंसुद्धा जाणवणार नाही. एक मुलगी डोंगर चढते, बास. हा गेम तुला शेकडो वेळा मारतो, आणि तरी एकदाही राग गेमवर निघत नाही, असं का होतं ते जवळून सांगतो कारण आमच्या धंद्यातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. तू कड्याच्या टोकावरून पुढे गेलास, पाय हवेत, आणि मग उडीचं बटण दाबलंस, नियमाने बघितलं तर तू पडायला हवंस. पण गेम सेकंदाचा दहावा भाग तुला सूट देतो, पाय सुटल्यावरही उडी लागते. जमिनीला टेकायच्या जरा आधी बटण दाबलंस तर ते लक्षात ठेवतो आणि टेकल्या टेकल्या उडी मारतो. उडी मारताना डोकं कोपऱ्याला घासलं तर हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. भिंतीपासून दोन पिक्सेल लांब असलास तरी भिंतीवरून उडी मिळते. यातलं काहीच तुला दिसत नाही, तुला फक्त वाटतं की अरे आज हात चांगला चाललाय! आणि मेलास तर डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला. वर परत असिस्ट मोड आहे, स्पीड कमी कर, मरण बंद कर, काय हवं ते, आणि त्यावरून गेम तुला टोमणे मारत नाही. आपल्याकडे धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून खेळात घ्यायचे ना, तसं, फक्त इथे हिणवणारं कोणी नाही.

याच्या उलट टोकाला डार्क सोल्स आणि त्याची सगळी पिलावळ. माझं मत दोन्ही बाजूच्या लोकांना पटत नाही. जे म्हणतात हा गेम अन्याय करतो, ते चूक. २०११ च्या पहिल्या डार्क सोल्समधे बहुतेक मरणं तुझ्या घाईमुळे येतात, शत्रू तलवार उगारताना दिसतो, वेळ मिळतो, तू हावरटासारखा एक वार जास्त मारायला गेलास म्हणून मेलास, आणि ते तुलाही कळतं. मेलास की तुझे सगळे सोल्स, म्हणजे शत्रू मारून केलेली कमाई, तिथेच पडून राहतात, जाऊन उचल, पण वाटेत परत मेलास तर कायमचे गेले. हा हिशोब कडक आहे पण चोख आहे. आणि जे भक्त म्हणतात की त्यात सगळंच परफेक्ट, तेही चूक, कारण बेड ऑफ केऑस नावाचा बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) म्हणजे निव्वळ रडीचा डाव आहे. पायाखालची जमीन अचानक जाते, झाडाचा हात झाडून तुला खड्ड्यात ढकलतो, आणि परत तिथपर्यंत पळत यायचं. बनवणाऱ्यांनाही जाणवलं असणार, म्हणूनच त्या एकाच बॉसमधे तू मेलास तरी आधी केलेलं नुकसान टिकून राहतं. मागच्या दाराने केलेली दुरुस्ती आहे ती. एल्डन रिंगमधे (२०२२) त्याच कंपनीने बॉसच्या जवळपास परत उभं राहायची सोय बऱ्याच ठिकाणी दिली, त्यामुळे नवख्याने यायचं तर तिथूनच यावं. ऑफिसवरून आठला येणाऱ्या माणसाने त्यांच्याच सेकिरोच्या वाटेला जाऊ नये, गेम अप्रतिम आहे पण रोज खेळलं नाहीस तर हात विसरतो, आणि दर शनिवारी नव्याने शिकत बसायला लागतं.

मरणाचं सोनं कोणी केलं असेल तर हेडीसने. २०२० मधे पूर्ण आला. मेलास की पाताळातल्या घरी परत, आणि तिथे लोक तुझ्याशी बोलतात, कोणी मारलं त्यावरून चिडवतात, नवीन गोष्ट उलगडते. मी तर कधी कधी मुद्दाम मरायचो, कोण काय बोलतंय ते ऐकायला. जमत नसेल तर गॉड मोड चालू कर, २० टक्के मार कमी लागतो आणि दर मरणाला आणखी २ टक्के, ८० पर्यंत. रोगलाइक प्रकारात, म्हणजे मेलास की दर वेळी नव्याने डाव मांडायचा अशा गेममधे, यायचं तर दार हेच. स्ले द स्पायर पत्त्यांचा आहे, तो इतका चांगला आहे की तुझी झोप जाईल, म्हणून रविवार रात्री उघडू नकोस एवढंच सांगतो.

स्ट्रॅटेजीवर जरा जास्त बोलतो कारण पस्तिशीतल्या माणसाला हाच प्रकार सगळ्यात जास्त मानवतो. घाई नाही, फोन आला तर उठता येतं, बायकोने हाक मारली तर पॉज शोधायला लागत नाही. एक्सकॉम, पाळीपाळीने चाल करून एलियनशी लढायचा गेम, सगळे सुचवतात. चांगलाच आहे, पण त्याच्या पायी किती माउस आपटले गेलेत काय सांगू. स्क्रीनवर ९५ टक्के लिहिलेलं, नेम शत्रूच्या नाकाला लागलेला, आणि गोळी आकाशात. खरं सांगायचं तर गणित बरोबर असतं, वीसातून एकदा चुकणारच, पण माणसाच्या डोक्यात ९५ म्हणजे लागलीच असं असतं, आणि हे बनवणाऱ्यांना माहिती असल्यामुळे एक्सकॉम २ मधे सोप्या डिफिकल्टीवर आतल्या आत आकडा तुझ्या बाजूने वाढवलेला असतो. म्हणजे गेम खोटं बोलतो आणि तरी आपण त्यालाच खोटारडा म्हणतो. मला स्वतःला इन्टू द ब्रीच कितीतरी पटीने जास्त आवडतो, २०१८, आठ बाय आठचा बुद्धिबळाएवढा पट, तीन रोबो, आणि शत्रू पुढच्या चालीत नक्की कुठे मारणार ते आधीच दाखवलेलं. नशिबाला दोष द्यायला जवळपास जागाच ठेवलेली नाही. हरलास तर सगळं समोर दिसत असून हरलास, आणि तरी एक पायलट बरोबर घेऊन नवीन डाव मांडता येतो. अर्ध्या तासात बेट संपतं, जेवायला जाता येतं. सिव्हिलायझेशन, तो साम्राज्य उभं करायचा? चांगला गेम, पण हरतोयस हे तुला पाच तासांनी कळतं, आणि जिंकतोयस हे तीन तासात कळतं, पुढचे सगळे तास नुसतं नेक्स्ट टर्न दाबत बसायचं. शेवटपर्यंत नेलेले डाव माझे थोडेच असतील, आणि माझ्या ओळखीत सगळ्यांचं हेच.

ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशात हवं तिथे फिरायचे गेम. इथे मी शिव्या खाणार. रेड डेड रिडेम्प्शन २ च्या जगाएवढं जिवंत जग मी दुसरं बघितलं नाही, घोड्यावर बसून नुसतं फिरलं तरी पैसे वसूल. पण मिशन सुरू झालं की तोच गेम कडक पीटीचे सर होतो, ठरवलेल्या रस्त्यावरून जरा लांब गेलास, मागून जायची शक्कल लढवलीस, की मिशन फेल, साथीदाराला सोडून गेलास म्हणे. बाहेर एवढं स्वातंत्र्य आणि आत काहीच नाही. म्हणून तो घेतलास तर मिशनच्या मागे लागू नकोस, मासे पकड, शिकार कर. नकाशाभर आयकॉन सांडून ठेवलेले बाकीचे ओपन वर्ल्ड मी सेलमधेसुद्धा घेत नाही, ती घरी बसून केलेली डेटा एंट्री आहे.

रेसिंगमधे मोस्ट वॉन्टेड २००५ ची आठवण सगळ्यांना. गाडी, पोलिस, गाणी, सगळं मस्त, पण तू कितीही पुढे गेलास तरी शेवटच्या लॅपला मागचे हवेतून आल्यासारखे चिकटतात, तो तुझा भास नाही, मुद्दामच तसं केलेलं असतं, शर्यत चुरशीची वाटावी म्हणून. २००८ च्या ग्रिडने मात्र वेळ मागे घ्यायचं बटण दिलं, वळणावर भिंतीला धडकलास तर चार सेकंद मागे, परत घे वळण. नंतर फोर्झा होरायझनसारख्या गेमनी तेच उचललं आणि रेसिंग माणसात आलं. हॉररमधे एकच नाव घेतो, एलियन आयसोलेशन. सेव्ह करायचं तर भिंतीवरच्या मशीनपाशी उभं राहून वाट बघायची, आणि त्या दोन-चार सेकंदात तो एलियन मागून येऊन तुला उचलू शकतो. सेव्हचीच भीती बसवली की. एकट्याने खेळू नकोस, आणि खरं तर लांबीला पाच-सहा तास कापला असता तर आणखी चांगला झाला असता.

स्टोरीवाल्यांमधे डिस्को एलिझियम. पहिल्याच खोलीत पंख्यावर लटकलेला टाय काढताना हार्ट अटॅकने मरता येतं. फासे चुकीचे पडले की गोष्ट थांबत नाही, उलट आणखी मजेदार वळण घेते, हरायला आवडावं असा गेम. पण इंग्रजी जड आहे, पानंच्या पानं वाचायची आहेत, दिवसभर मेल वाचून आलेल्याला नको होईल. स्टारड्यू व्हॅली, शेती करायचा गेम, हलकी आहे, एरिक बॅरोन नावाच्या माणसाने एकट्याने केलेली, रात्री दोनला शेतात चक्कर येऊन पडलास तर थोडे पैसे जातात बस. पहिलं वर्ष स्वर्ग, दुसऱ्या वर्षापासून एक्सेल. बायकोबरोबर खेळ, तर तिसरं वर्षही जाईल.

ऑनलाइन शूटर. व्हॅलोरंटला मुंबईत सर्व्हर आहे, त्यामुळे पिंगचं, म्हणजे नेटमुळे होणाऱ्या उशिराचं, रडगाणं कमी. मेलास की राउंड संपेपर्यंत बाकीच्यांचं बघत बसायचं, पण कोणी कुठे किती मारलं ते समोर येतं, शिकता येतं. अडचण गेमची नाही, माणसांची, चाळीस मिनिटं पाच अनोळखी पोरं एकमेकांच्या आईबहिणीवर येणार, मधेच उठायची सोय नाही, घरात लहान मूल असेल तर विसर. मित्र असतील तरच खेळ. बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, जुलै २०२१ ला आला, पुढच्या जुलैत स्टोअरवरून गेला, मे २०२३ मधे परत आला, एवढं होऊन पोरं तिथेच आहेत. सुरुवातीला तुला वाटेल आपण काय भारी खेळतो, सावकाश, समोरचे बरेच बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू, असतात, नव्या माणसाला गोड लागावं म्हणून. मोबाइलवर त्यातल्या त्यात बरा आहे, पैसे टाकून मुख्यतः कपडे आणि बंदुकीचे रंग मिळतात, जिंकणं विकत मिळत नाही.

कँडी क्रश आणि त्याच्या जातीचे सगळे मात्र माझ्या मोजपट्टीत तळाला. पाच जीव, प्रत्येक जीव परत यायला तीस मिनिटं, आणि दोन चाली कमी पडून हरलास की बरोबर तेव्हा विचारणार, पाच चाली विकत घेतोस का? तुझं हरणं हेच तिथलं दुकान आहे. लेव्हल बनवणाऱ्यांची हुशारी मी मान्य करतो, हाताखाली शिकावं अशी माणसं आहेत, पण आईच्या फोनमधे कार्ड सेव्ह करून ठेवू नकोस. ईए कंपनीच्या फुटबॉल गेममधल्या अल्टिमेट टीमचंही तेच, न बघता पाकीट विकत घ्या आणि आत कोण खेळाडू निघतो ते बघा. बेल्जियमने २०१८ मधे याला जुगार ठरवलं आणि २०१९ पासून कंपनीने तिथे ही पाकिटं घ्यायचे पॉइंट विकणं बंद केलं. करिअर मोड खेळ, तो चांगला आहे, पाकिटाच्या नादी लागू नकोस.

आणि क्रिकेट, कारण शेवटी तू तेच विचारणार होतास. ईएचा क्रिकेट ०७ हा गेम म्हणून फार मोठा नव्हता. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सोडले तर आपल्या लोकांची नावंसुद्धा मोडतोड करून टाकलेली, प्रत्येकाकडे सिक्सचा एक ठरलेला फटका, पुढे सरसावायचं आणि उचलायचा, पाच ओव्हरमधे दीडशे. तो जिवंत राहिला तो पॅच बनवणाऱ्या पोरांमुळे, टीम, जर्सी, स्टेडियम, सगळं दरवर्षी नवीन करून टाकतात फुकटात. ईएने त्यानंतर क्रिकेटचा मोठा गेम केलाच नाही. बिग अँट नावाच्या कंपनीचे गेम आहेत, त्यात निदान आऊट झाल्यावर कळतं की बॅट लवकर आली की उशिरा, पाय चुकीचा गेला का, बॅटिंग शिकावी लागते. फील्डर मात्र अधूनमधून बॉलकडे पाहुण्यासारखे बघत उभे राहतात, आणि नवीन आला की लगेच घेऊ नकोस, कंपनीचे पहिले दोन-तीन दुरुस्तीचे पॅच येऊ देत.

पुण्यातल्या टीमने केलेला राजी, २०२०, तोही विचारतात, आणि आपल्या गावचा म्हणून मी गोड बोलणार नाही. राजस्थानी महाल, पहाडी शैलीतली चित्रं, डोळ्याचं पारणं फिटतं. मारामारीत मात्र वार लागल्यासारखा वाटत नाही, आणि शेवट आला कधी गेला कधी कळत नाही. चार-पाच तासांचा आहे, सेलमधे घे, एका रविवारी संपव.

घ्यायचं कसं ते सांगतो. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलास तर पैसे परत मिळतात. ते दोन तास कटसीन, म्हणजे मधले सिनेमासारखे प्रसंग, बघण्यात घालवू नकोस, ग्राफिक्सच्या सेटिंगमधे तर अजिबात नको, तो वेळही मोजला जातो. सरळ मारामारीपर्यंत जा आणि मुद्दाम मर. घड्याळ लावून बघ परत बटण दाबता यायला किती वेळ लागला. न सोडता येणारा कटसीन परत दाखवला की रिफंड टाक. आधी इन्टू द ब्रीच आणि सेलेस्ट घे, दोन्ही मिळून एका पिझ्झाच्या आसपास येतात सेलमधे, मग हेडीस, आणि एल्डन रिंगला मे महिन्याची सुट्टी लागेपर्यंत हात लावू नकोस.